किल्ली कोणाच्या कमरेला?



‘कॉन्व्हेंट’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? कडक इस्त्रीचा गणवेश, गळ्यात टाय, आणि जूनमध्ये हातात पडणारी फीची पावती! पण या शब्दाचा मूळ अर्थ शाळा नव्हे बरं का. संसार सोडलेल्या, किंवा ज्यांना तो सोडायला लावला अशा बायकांचा मठ, हा त्याचा खरा अर्थ. इतिहासाच्या तासाला ‘पीटर द ग्रेट’ शिकवताना मला दरवेळी अशाच एका मठाची आठवण होते. पुस्तकात पीटरची जहाजं असतात, लढाया असतात, त्याने वसवलेलं शहर असतं. त्याची बहीण आणि त्याची बायको कुठे होत्या, ते मात्र नसतं. त्या होत्या मठात. म्हणून आज तुम्हाला मॉस्कोच्या नोवोदेविची मठाची आणि त्याच्या आसपासच्या वस्तीची हकीकत सांगते.

मॉस्को नदी शहराच्या नैर्ऋत्येला मोठं वळण घेते, तिथे हा मठ आहे. पांढरी भक्कम तटबंदी, तिच्यावर बारा बुरूज, बुरुजांच्या माथ्यावर मुकुटासारखी लाल नक्षी, आत सोललेल्या लसणीच्या गड्ड्यासारखे घुमट आणि बाहेर एक शांत तळं. पाहणाराला वाटावं, हा किल्लाच. आणि एका परीने तो किल्ला होताही. दक्षिणेकडून येणाऱ्या शत्रूला थोपवण्याच्या साखळीतला एक. २००४ साली जागतिक वारशाच्या यादीत त्याचं नाव गेलं, आणि २०२४ साली त्याला पाचशे वर्षं झाली.

रशियातले बहुतेक ख्रिस्ती ऑर्थोडॉक्स पंथाचे. पूर्वेकडची ही जुनी शाखा. पोपला मानत नाही. दहाव्या शतकाच्या अखेरीस कॉन्स्टँटिनोपलकडून ती रशियात आली. त्यांच्या चर्चमध्ये सहसा बाकांच्या रांगा नसतात, प्रार्थना उभ्याने चालते, आणि पेटी-वाद्यांशिवाय नुसत्या गळ्याने गायली जाते. बाई साध्वी झाली की तिच्या केसांची बट कापतात, काळा वेष देतात आणि नवं नाव ठेवतात. लग्नात आपलं नाव बदलतात ना, तसंच. फक्त इथे सासर म्हणजे मठ.

मूल नाही म्हणून

मठ बांधला वासिली तिसरा या राजाने. १५१४ साली त्याने लिथुआनियाकडून स्मोलेन्स्क शहर परत जिंकलं. त्याची आठवण म्हणून १५२४ साली मठाची स्थापना झाली, आणि मुख्य देवळालाही स्मोलेन्स्कच्या मातेचं नाव दिलं. पहिल्या मठप्रमुख बाई सुझ्दल गावच्या पोक्रोव्स्की मठातून आपल्या साध्वींना घेऊन आल्या. हे सुझ्दल लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

या वासिलीच्या राणीचं नाव सोलोमोनिया. वीस वर्षांचा संसार, पण पोटी मूल नाही. १५२५ साली, म्हणजे मठ उभा राहिला त्याच्या दुसऱ्याच वर्षी, राजाने तिला टाकलं आणि जबरदस्तीने साध्वी केलं. त्या काळी रशियात आलेल्या हेर्बरश्टाईन नावाच्या ऑस्ट्रियन वकिलाने लिहून ठेवलंय, की डोक्यावर घातलेलं साध्वीचं वस्त्र तिने खाली फेकून पायाखाली तुडवलं, तेव्हा दरबारातल्या एकाने तिला चाबकाने मारलं. तिची रवानगी झाली सुझ्दलच्या त्याच मठात. राजाने लगेच पुढच्या वर्षी एलेना ग्लिन्स्काया या तरुण मुलीशी लग्न लावलं, आणि १५३० साली तिला जो मुलगा झाला तोच इव्हान द टेरिबल. सोलोमोनिया १५४२ पर्यंत मठातच जगली. दोष कोणात होता हे पाहायची रीत तिथेही नव्हती आणि आपल्याकडेही नव्हती. घराला वारस नाही म्हटलं की बोट आधी सुनेकडे वळायचं.

पण दुसरीही गोष्ट सांगायला हवी. इव्हानचा मुलगा फ्योदर. त्याची राणी इरिना गोदुनोवा. त्यांची एकच मुलगी, तीही लहानपणीच गेली. मुलगी व्हायच्याही आधी, १५८०च्या दशकात, दरबारातल्या मोठमोठ्या सरदारांनी राजाला विनवलं होतं, की राणीला मूल होत नाही, तिला मठात पाठवा आणि दुसरं लग्न करा. फ्योदरला लोक मंदबुद्धीचा म्हणायचे. पण या मंदबुद्धीच्या माणसाने ठाम नकार दिला. बायकोला त्याने अखेरपर्यंत अंतर दिलं नाही. शहाण्या आजोबांपेक्षा हा नातूच मला शहाणा वाटतो.

जानेवारी १५९८ मध्ये फ्योदर वारला. राज्य इरिनाकडे चालून आलं होतं, पण तिने ते नाकारलं आणि नोवोदेविची मठात जाऊन दीक्षा घेतली. तिचा भाऊ बोरिस गोदुनोव तिच्यामागून तिथेच येऊन राहिला. मग मॉस्कोचे धर्मगुरू आणि लोक मिरवणुकीने मठाच्या दारी आले आणि त्यांनी बोरिसने राजा व्हावं म्हणून विनवणी केली. रशियाची गादी कोणाला मिळणार, हे अशा रीतीने बायकांच्या मठाच्या अंगणात ठरलं. इरिना स्वतः मात्र १६०३ पर्यंत मठाच्या आतच राहिली.

स्वतःच बांधलेल्या भिंती

आता या मठातली सगळ्यांत मोठी पाहुणी, राजकन्या सोफिया. जन्म १६५७ चा. त्या काळच्या राजकन्यांचं जिणं ऐकलंत तर अंगावर काटा येईल. ‘तेरेम’ म्हणजे वाड्यातला बायकांचा वेगळा भाग. तिथेच जन्म काढायचा. लग्न नाही! कारण आपल्या देशातला सरदार म्हटला तर तो चाकर, आणि परदेशचा राजपुत्र म्हटला तर तो परधर्मी. सोफिया मात्र शिकली. राजवाड्यातल्या मुलांना शिकवायला सिमेऑन पोलोत्स्की नावाचा विद्वान कवी होता, त्याच्याकडे तीही शिकली.

१६८२ साली तिचा भाऊ वारला. राहिले दोघे, एक आजारी सख्खा भाऊ इव्हान आणि एक दहा वर्षांचा सावत्र भाऊ पीटर. दोघांनाही एकदम राजा केलं आणि कारभार हाती घेतला चोवीस वर्षांच्या सोफियाने. दोघा भावांसाठी केलेलं जोड-सिंहासन आजही क्रेमलिनच्या संग्रहालयात आहे. त्याच्या पाठीला एक झरोका आहे. मुलांनी काय बोलायचं ते तिथून मागून सांगितलं जाई, असं म्हणतात.

सात वर्षं तिने राज्य चालवलं. पोलंडशी कायमचा तह केला, चीनशी तह केला, मॉस्कोत उच्च शिक्षणाची अकादमी निघाली. आणि नोवोदेविची मठावर तिने हात सैल सोडून खर्च केला. बुरुजांवरचे ते लाल मुकुट, दारावरचं देऊळ, पंगतीचं मोठं भोजनगृह, ७२ मीटर उंच घंटाघर, आज जे जे पाहून लोक वाहवा करतात ते बहुतेक सगळं १६८०च्या दशकातलं, सोफियाच्या कारकिर्दीतलं.

१६८९ साली पीटर सतरा वर्षांचा झाला. बहिणीशी सत्तेवरून उघड झगडा झाला, तो जिंकला आणि तिला कोंडलं. कुठे? याच मठात! घंटाघराचा शेवटचा हात फिरला तो ती कैदेत पडल्यानंतर. घर आपण मनापासून सजवावं आणि एक दिवस त्याच घराला बाहेरून कडी लागावी, असं झालं तिचं.

तरी पहिली नऊ वर्षं ती राजकन्या म्हणून राहत होती. १६९८ मध्ये स्त्रेल्त्सी नावाच्या जुन्या सैनिकांनी बंड केलं. त्यांचा तिला गादीवर आणायचा बेत होता असा पीटरचा संशय. त्याने शेकडोंना मारलं, काहींची प्रेतं तिच्या खिडकीसमोर टांगली आणि ती महिनोन् महिने तशीच ठेवली. सोफियाला सक्तीने साध्वी केलं, नाव दिलं सुझाना. १७०४ साली ती गेली. इल्या रेपिन या चित्रकाराने १८७९ मध्ये तिचं चित्र काढलं. ते मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयात आहे. हाताची घडी, मोकळे केस, आणि डोळे असे की नजर चुकवावी. मागे खिडकीतून टांगलेला सैनिक दिसतो.

त्याच १६९८ साली पीटरने आणखी एक काम उरकलं. बायको येव्दोकिया लोपुखिना नकोशी झाली होती, तिला साध्वी करून पाठवून दिलं. कुठे, ओळखा पाहू? सुझ्दलला! पावणेदोनशे वर्षांपूर्वी सोलोमोनिया गेली त्याच मठात. मुलगा आईपासून तुटला आणि पुढे १७१८ मध्ये बापाच्याच कैदेत मेला. येव्दोकियाला तर पुढे किल्ल्यात डांबलं. पण बाई चिवट. १७२७ साली तिचा नातू गादीवर आला, आणि म्हाताऱ्या आजीला मानाने नोवोदेविचीत आणलं. तिथे तिच्यासाठी स्वतंत्र वाडा होता, तो आजही तिच्या नावाने ओळखला जातो. १७३१ मध्ये ती वारली. पीटरची बहीण आणि पीटरची बायको, दोघी आता मठाच्या मुख्य देवळात एकाच छपराखाली विसावल्या आहेत.

आतल्या कामाच्या बाया

हे सगळं राण्यांचं झालं. पण मठात राण्या कितीशा असणार? बाकीच्या बायका काय करीत होत्या?

पीटरनेच १७२४ साली मठात जखमी सैनिकांसाठी इस्पितळ आणि टाकून दिलेल्या मुलींसाठी अनाथगृह सुरू केलं. १७६३ ची नोंद आहे: साध्वी ८४, दीक्षा न घेतलेल्या बहिणी ३५, रुग्ण आणि नोकर मिळून ७८. शिवाय अडीचशेहून जास्त टाकलेल्या पोरांसाठी सरकारातून वेगळे पैसे आणि वेगळं धान्य येई. अडीचशे पोरांची पेज, कपडे, खरूज, खोकला! घरात दोन मुलांना ताप आला तर आपली काय धावपळ होते ते आठवा आणि मग या काळ्या वेषातल्या बायकांचा दिवस कसा जात असेल त्याचा अंदाज करा.

१८१२ साली नेपोलियन मॉस्कोत शिरला. टॉलस्टॉयच्या ‘युद्ध आणि शांती’ या कादंबरीत फ्रेंच सैनिक कैद्यांना गोळ्या घालतात तो प्रसंग याच मठाजवळच्या मैदानावरचा. माघार घेताना फ्रेंचांनी मठ उडवून द्यायचं ठरवलं. बंदुकीच्या दारूची पिंपं ठेवली, वाती पेटवल्या आणि निघून गेले. तेव्हा मठाच्या खजिनदार बाई सारा आणि इतर साध्वींनी धावत जाऊन पेटत्या वाती विझवल्या. कोणी सेनापती मदतीला आला नव्हता. पिंपं कुठे आहेत आणि पाणी कुठून आणायचं हे त्या घरच्या बायकांना ठाऊक होतं, म्हणून मठ आज उभा आहे.

क्रांतीनंतर १९२२ साली नव्या सरकारने मठ बंद केला आणि तिथे संग्रहालय उघडलं. नाव काय ठेवलं? ‘स्त्रीमुक्ती संग्रहालय’! जुन्या काळी बाईला कसं कोंडत असत, ते दाखवायला यापेक्षा योग्य जागा कोणती मिळणार? पण ज्या साध्वींचं ते घर होतं, त्यांना कुठे राहायचं आहे हे त्याही वेळी त्यांना कोणी विचारलं नाही. १९३४ पासून ते राज्य ऐतिहासिक संग्रहालयाची शाखा झालं. १९४५ साली एका देवळात पुन्हा प्रार्थना सुरू झाली आणि १९९४ मध्ये साध्वी परतल्या. आता तिथे राहणाऱ्या स्वतःहून आलेल्या आहेत. मार्च २०१५ मध्ये दुरुस्ती चालू असताना घंटाघराभोवतीच्या परांचीला आग लागली होती, पण घंटाघर वाचलं.

तटाबाहेर

मठाबाहेरच्या मैदानाला ‘देविच्ये पोल्ये’ म्हणजे मुलींचं मैदान असं नाव. क्रेमलिनच्या बाजूने मठाकडे येणाऱ्या रस्त्याचं जुनं नाव राणीचा रस्ता, कारण राण्या त्या वाटेने मठात जात. आता त्याला पिरोगोव्ह या शस्त्रवैद्याचं नाव आहे. आणि गंमत पाहा, राण्या ज्या वाटेने आत गेल्या, त्याच वाटेवर पुढे बायकांसाठी वेगळीच दारं उघडली.

१८७२ साली मॉस्कोत प्राध्यापक गेरिये यांनी बायकांसाठी उच्च शिक्षणाचे वर्ग काढले, कारण विद्यापीठात बायकांना प्रवेश नव्हता. १८८८ मध्ये सरकारने ते बंद पाडले, १९०० मध्ये पुन्हा सुरू झाले, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच मैदानावर त्यांच्या स्वतःच्या इमारती उठल्या. वरून काचेच्या छताचा उजेड पडतो असं तिथलं मोठं दालन आहे. आज तिथे शिक्षक घडवणारं विद्यापीठ आहे. मी पडले अर्ध्या वेळेची मास्तरीण, मला हे वाचून मठाइतकंच त्या दालनाचं अप्रूप वाटलं.

जवळच विद्यापीठाची जुनी रुग्णालयं आहेत. त्यांतलं मनोरुग्णांचं रुग्णालय १८८७ मध्ये उघडलं, ते वारवारा मोरोझोवा या व्यापारी घरातल्या विधवेच्या पैशाने. तिचा नवरा मनाच्या आजाराने गेला होता, त्याच्या नावाने तिने ते उभारलं. आपल्याकडची मुलंमुली डॉक्टर व्हायला रशियात जातात. त्यांतली सेचेनोव्ह विद्यापीठात शिकणारी याच रस्त्याने रोज येत-जात असतील.

थोडं पुढे चालत गेलं की टॉलस्टॉयचं लाकडी घर. १८८२ ते १९०१ पर्यंत कुटुंब हिवाळ्यात इथे राही. टॉलस्टॉय स्वतः लाकडं फोडी, नदीवरून पाणी आणी, जोडे शिवी, हे सगळं कौतुकाने सांगतात. पण तेरा बाळंतपणं काढणारी, त्याच्या कादंबऱ्यांच्या हस्तलिखितांच्या पुन्हापुन्हा नकला करणारी आणि १८८०च्या दशकात पुस्तकं छापून विकण्याचा व्यवहार अंगावर घेणारी त्याची बायको सोफिया, तिचंही ते घर. धाकटा वान्या १८९५ मध्ये सात वर्षांचाही व्हायच्या आत इथेच गेला. १९२१ पासून घराचं संग्रहालय झालं आहे.

मठाच्या तटाला लागून मोठी दफनभूमी आहे. चेखॉव्ह, गोगोल, क्रुश्चेव्ह, येल्त्सिन असे नामवंत तिथे आहेत. पण बायकांची नावंही पाहा: नर्तकी गालिना उलानोवा, स्त्रियांच्या हक्कांसाठी झगडलेल्या आणि परदेशात वकील म्हणून गेलेल्या अलेक्सांद्रा कोलोंताय, स्टालिनची बायको नादेझ्दा, जिने १९३२ मध्ये स्वतःचं आयुष्य संपवलं, आणि राइसा गोर्बाचोवा, जिच्याशेजारी २०२२ साली तिच्या नवऱ्याला ठेवलं.

तळ्याकाठी मात्र मन हलकं होतं. तिथे कांस्याची बदकीण आणि तिच्यामागे रांगेने पिल्लं आहेत. १९९१ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नी बार्बरा बुश यांनी रशियातल्या मुलांसाठी ती राइसाबाईंना भेट दिली. पुढे त्यांतली काही चोरीला गेली, आणि २००० साली नवी बसवली. लहान मुलं त्यांच्या पाठीवर बसतात.

जाणाऱ्या मैत्रिणींसाठी

आता आपल्या गावातून प्रवासी कंपन्यांबरोबर रशियाला जाणाऱ्या बायका आहेत, म्हणून चार सूचना. मेट्रोने ‘स्पोर्तिवनाया’ स्टेशनला उतरा, तिथून मठ पायी आहे. देवळात बाईने डोकं झाकायचं असतं, तेव्हा पर्समध्ये एक ओढणी ठेवा. साडी असेल तर पदर आहेच. पुरुषांनी मात्र टोपी काढायची, बरोबरच्या मंडळींना आठवण करा. चपला बाहेर काढायची पद्धत नाही. मेणबत्त्या बारीक उदबत्तीसारख्या असतात. आणि नुसते घुमट पाहून परतू नका, तटाला बाहेरून एक फेरी मारा.

तळ्याच्या बाजूच्या एका बुरुजाला सोफियाचं नाव जोडलेलं आहे. तिथे हात टेकून मनातली इच्छा बोलली तर ती पुरी होते अशी समजूत आहे. बायका भिंतीवर लिहूनही ठेवत आल्या आहेत: नवरा, मूल, परीक्षा, घर. भिंत कोणी बांधली आणि तीत कोण कोंडलं गेलं, हे जाणून तिथे उभं राहिलेलं बरं.

हे वाचताना माझ्या मनात एकच प्रश्न येत राहिला. तीच भिंत, तेच दार. सोफियाला ती कैद झाली आणि साराबाईंना ती जपावीशी वाटली. असं का? एकीला ढकललं होतं आणि दुसरीच्या हाती हिशेब आणि किल्ल्या होत्या. आपल्या घरालाही भिंती आहेत, आणि त्या आपण हौसेने रंगवतो. म्हणून या आठवड्यात एवढं करा. दुपारी कपाट आवराल तेव्हा घराचे कागद बाहेर काढा. त्यावर तुमचं नाव आहे का पाहा. बँकेच्या पासबुकावर आहे का, विम्यावर वारस म्हणून कोणाचं नाव आहे, गॅसचं कार्ड कोणाच्या नावावर, हे एका वहीत लिहून ठेवा. नाव नसेल तर भांडणाच्या दिवशी नव्हे, चांगल्या दिवशी, चहाच्या वेळी विषय काढा. आणि लेकीला पोळ्या शिकवाल त्याच हाताने स्लिप भरून बँकेत पैसे भरायलाही शिकवा.

बोलून पाहा, आणि काय झालं ते पत्राने जरूर कळवा.